आशाबाईवाली गोळी

पार्सल आलं तेव्हा आशाबाई महाजन कापसात होत्या, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

जांभूळखेडीत कुरिअरवाला गावात शिरत नाही. बऱ्हाणपुराहून मोटारसायकलवर येतो, फाट्यावरच्या योगेंद्रच्या किराणा दुकानात गावाची सगळी पार्सलं टाकतो आणि तिथूनच मागे फिरतो. मग योगेंद्र एकेक पार्सल हातात घेऊन वरचं नाव मोठ्यानं वाचतो आणि नाव झालं की आत काय आहे तेही वाचतो. कुणाचा कमरेचा पट्टा, कुणाचे केस काळे करायचं तेल, कुणाच्या सुनेच्या लाल चपला, सगळं दुकानापुढच्या बाकावरच्या सात-आठ रिकामटेकड्यांना मालकाच्या आधी कळतं. याला आजवर कुणी हरकत घेतलेली नव्हती, कारण आपलं पार्सल वर्षातून एकदा येतं आणि बाकीच्यांची रोज ऐकायला मिळतात.

"आशाबाई दगाजी महाजन," योगेंद्रनं वाचलं. "इंदौर से आया है. भेजनेवाली निशा. माल... लिवर सपोर्ट. विटामिन, जिंक, सेलेनियम. साठ गोलियां."

त्याखाली 'त्वचेसाठीही' अशा अर्थाची एक बारीक ओळ होती. पण बारीक अक्षराला योगेंद्रला चष्मा लागतो आणि दुकानात तो चष्मा लावत नाही, गिऱ्हाईक उधारीची वही पुढे करतं म्हणून.

आता हे सांगायला हवं की जांभूळखेडीत लिव्हर हा अवयव फक्त पिणाऱ्यांनाच असतो. बाकीच्यांना नुसतं पोट असतं. त्या पोटात गॅस होतो, मुरडा येतो, पित्त होतं, पण लिव्हर म्हणून जे काही आहे त्याचं नाव गावात निघतं ते एखादा बाटलीपायी दवाखान्यात पडला की. आणि आशाबाई महाजन या गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

"लो," बाकावरचा एक जण म्हणाला. "अन् आमाले शिकवते."

आशाबाईंचं आणि दारूच्या ठेक्याचं वैर दोन वर्षांचं. ठेका गावातून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बरोबर वळणावर. सकाळी तिथं आदल्या संध्याकाळचे दोन-तीन जण आडवे पडलेले असत आणि मुलींना त्यांच्या पायांवरून उड्या मारून शाळेत जावं लागे. शेजारच्या सरुबाईंची नात अमृता नववीत होती, वर्गात पहिली. यंदाच एका सकाळी आडव्या पडलेल्यांपैकी एकानं तिची ओढणी धरली. त्या दिवसापासून अमृता घरी भाकरी थापत होती. आशाबाईंनी तेव्हाच ठरवलं, हा ठेका इथून हलवीन, नाहीतर अध्यक्षपण सोडीन. सेहेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. कापसाची वेचणी आटोपली की येणाऱ्या मंगळवारी कलेक्टर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईला सगळ्यांनी जायचं, एका टेम्पोत, असं पक्कं झालं होतं. अमृताचं नाव शाळेच्या पटावरून कापायला हेडमास्तर थांबले होते ते त्याच मंगळवारच्या भरवशावर.

आणि गोळ्या? गोळ्यांचं कारण अगदी साधं होतं. आशाबाईंच्या दोन्ही गालांवर वांग आले होते, चहाचा कप सांडल्यासारखे. निशानं इंदूरहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि किंचाळली.

"आई! गालाला काय लावलंस गं?"

"काही नाही लावलं. वांग हाय ते. वयाचं असते."

"वय-बिय काही नाही. मेरे ऑफिस में एक मॅडम हैं, त्यांना पण होते. लिव्हर साफ तर स्किन साफ, असं म्हणतात त्या. मी ऑर्डर करते. रोज एकच, जेवल्यावर. और सुन, लघवी एकदम पिवळी होईल, हळदीसारखी. घाबरू नको, वो विटामिन का कलर है."

"काय बोलू राहिली पोरी, बाप बसलाय इथं!"

दगाजी खरंच तिथंच बसलेले होते, सुपारी कातरत. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. निदान लघवीबद्दलचं तरी त्यांनी ऐकलं नसावं, हे पुढे सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी आशाबाई पार्सल आणायला गेल्या तर बाक उठून उभा राहिला. इतका मान त्यांना कधी मिळाला नव्हता.

"काकी, तबियत कैसी है?" योगेंद्रनं विचारलं.

"माझ्या तबियतीले काय झालं?"

"नाही, वैसेही. जास्त त्रास होऊ राहिला का? म्हणजे... इथं?" त्यानं स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला.

"मले नाही होत. तुले होत असंल तर सांग, ओवा देते," असं म्हणून आशाबाई डबी घेऊन घरी आल्या. जेवल्या. एक गोळी घेतली. डबी देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागे ठेवली आणि आरशात गाल पाहून घेतले. पहिल्या गोळीनं काही होत नाही हे ठाऊक असूनही पाहिले.

चार दिवसांनी सरुबाई आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"आशा, खरं सांग. किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसांपासून?"

"घेऊ राहिली."

"चार दिवस झाले. निशानं पाठवल्या."

"गोळ्यांचं नाही विचारत मी!" सरुबाई उसळल्या. "गोळ्या कायच्या पाई घ्यावा लागल्या ते विचारते."

आशाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. आणि समजल्यावर त्यांच्या गालांवरचे वांग दिसेनासे झाले, इतका चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांनी खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन बाजूला ठेवलं होतं. माहेरी बाप प्यायचा म्हणून माहेर तोडलं होतं. आणि ही सरुआक्का, जिच्या नातीसाठी एवढ्या चपला झिजवल्या, ती दारात उभी राहून असं विचारते!

"आक्का, हे तोंडाले हाय! वांगाले! हे पाय, हे गाल पाय!"

"तोंडाच्या गोळ्यांवर लिव्हर काबर लिहिलं मंग?"

"लिव्हर साफ झालं की तोंड साफ होते, असं हाय ते!"

"अन् साफ लिव्हर कोणाचं करावं लागते?"

याला उत्तर होतं, पण निशाच्या ऑफिसातल्या मॅडमपासून सुरू करून ते सरुबाईंपर्यंत आणायला अर्धा तास लागला असता आणि सरुबाई तोवर अंगणाबाहेर गेल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तूच घेत असशीन तर मी कोणाच्या मागं जाऊ? माझी पोर बसली घरी ते बसली."

ते वाक्य आशाबाईंना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी इतक्या जोरात थापल्या की शेजाऱ्यांना वाटलं काहीतरी पाडकाम चाललंय.

मग गळती लागली. सेहेचाळीसपैकी अकरा जणींनी आठवड्यात नाव काढून घेतलं. एक म्हातारी तर काठी टेकत आली आणि म्हणाली, "माझा अंगठा मले वापस दे." आशाबाईंनी विचारलं, "अंगठा वापस कसा देऊ, आजी? शाई हाय ती." म्हातारी म्हणाली, "मले नाही माहीत. मी चांगल्या कामाले देला होता." आणि कळस म्हणजे ठेक्यावरचा मॅनेजर. तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून सांगू लागला, "अध्यक्ष बाई तो हमारे घर की हैं. उनका विरोध प्यार का विरोध है."

हे ऐकलं त्या रात्री आशाबाई जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी नवी साडी नेसली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढा. बऱ्हाणपुरात इतवाऱ्यात जायचं. माझं लिव्हर तपासायचं अन् कागद आणायचा. कागदापुढं कोणाचं तोंड चालत नाही."

दगाजी बाजेवर पडून होते. त्यांच्या गळ्यात गेल्या आठवड्यापासून बारीक मुळ्यांची एक माळ होती. गावात कावीळ झाली की रामदास भगत मंत्र म्हणून अशी माळ घालतो. ती दिवसेंदिवस लांब होत जाते आणि बेंबीपाशी पोचली की कावीळ उतरली असं धरतात.

"मले बरं नाही," दगाजी म्हणाले. "कावीळ हाय माझ्या अंगात."

"डोळे तर पांढरे हायेत तुमचे."

"डोळ्यांत नाही उतरली अजून. दुसरीकडं हाय."

"दुसरीकडं कुठं?"

दगाजींनी कुशी बदलली. आशाबाईंचं तेव्हा लक्ष नव्हतं, त्यांच्या डोक्यात ठेक्याचा मॅनेजर होता. "मंग चला, तुमचं पण तपासून घेऊ. एका सुईत दोघांचं काम."

"नको नको!" दगाजी उठूनच बसले. "माळेवर सुई चालत नाही. भगतानं सांगितलं."

शेवटी आशाबाई एकट्याच बसनं गेल्या. इतवाऱ्यातल्या लॅबमध्ये नंबर लावून बाकावर बसल्या, तर समोरच्या बाकावर गावचाच एक जण बापाची शुगर तपासायला आलेला. त्यानं काउंटरवरचा पुकारा ऐकला, "आशाबाई महाजन, लिव्हर प्रोफाइल!" आणि तिथल्या तिथं खिशातून मोबाईल काढला. आशाबाईंनी त्याच्याकडे ताठ मानेनं पाहिलं. लाव म्हणाल्या मनात, लाव फोन. कागद हातात आल्यावर तुझंच तोंड काळं होईल.

रिपोर्ट दाखवायला त्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मान हलवली.

"बाई, तुमचं लिव्हर माझ्या लिव्हरपेक्षा चांगलं आहे. ह्या गोळ्या कशाला घेता?"

"वांगाले."

"वांग उन्हानं आहे. शेतात जाताना तोंड बांधत जा. गोळ्यांची तुम्हाला काही गरज नाही."

एवढं साधं उत्तर होतं आणि ते पंधरा दिवस उशिरा मिळालं होतं. पण आशाबाईंना आता वांगाशी देणंघेणं उरलं नव्हतं. त्या बसमधून उतरल्या त्या थेट योगेंद्रच्या दुकानात. बाक भरलेला होता. उत्तम, त्यांना वाटलं. ज्या तोंडानं पसरवलं त्याच तोंडानं पुसून घेऊ. त्यांनी रिपोर्ट काउंटरवर आपटला.

"वाच! चष्मा लाव अन् मोठ्यानं वाच. बारीक अक्षर पण वाच!"

योगेंद्रनं चष्मा काढला, पुसला, लावला. "एसजीपीटी... नॉर्मल. एसजीओटी, नॉर्मल. बिलिरुबिन... नॉर्मल. सब नॉर्मल है, काकी."

"ऐकलं?" आशाबाई बाकाकडे वळल्या. "ऐकलं का सगळ्यांनी?"

बाकानं ऐकलं होतं. बाकाच्या डोळ्यांत आदर होता. मग एक जण हळूच म्हणाला, "इतकी घेऊन बिल्कुल नॉर्मल?"

"गोळीचा गुण हाय," दुसरा म्हणाला.

"पंधरा दिवसांत?"

"कागद हाय ना समोर. कागद खोटं बोलते का?"

आशाबाई काही म्हणायच्या आत योगेंद्रनं मोबाईल उघडून डबीचा फोटो शोधायला घेतला होता. "काकी, कंपनी का नाम फिरसे बोलना जरा."

पुढच्या चार दिवसांत जे झालं त्याला जबाबदार कोण, हे अजून ठरलेलं नाही. योगेंद्रनं वीस डब्या मागवल्या. त्या एका दिवसात खपल्या. ठेक्याच्या काउंटरवर शेंगदाण्यांच्या बरणीशेजारी एक नवी बरणी आली. गोळी सुटी मिळू लागली. गिऱ्हाईक आल्या आल्या ओरडे, "एक आशाबाईवाली देना!" ती पाण्यानं गिळायची आणि मग बिनघोर बसायचं. ज्यांना बायकोनं लिव्हरची भीती घालून आठवड्यातून एकदावर आणलं होतं, ते पुन्हा रोजचे झाले. मॅनेजर म्हणे, एवढा धंदा दिवाळीलाही झाला नव्हता.

दोन वर्षं ज्या ठेक्याशी भांडलो त्याची भरभराट आपल्याच नावानं चालावी! आशाबाईंना झोप लागेना, अन्न गोड लागेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता सह्या काढून घेणाऱ्या बायका नुसत्या येत नव्हत्या, भांडायला येत होत्या. "माझा नवरा भीत तरी होता, तुमच्या गोळीनं त्याची भीती गेली!" मंगळवार दुसऱ्या दिवसावर आला आणि कागदावर एकोणीस नावं उरली.

सोमवारी दुपारी आशाबाईंनी मारुतीच्या पारावर सगळ्या बायकांना बोलावलं. येतील की नाही याची धाकधूक होती, पण गंमत बघायला माणसं येतातच. सरुबाई आल्या, अमृता त्यांच्या मागे अंग चोरून उभी राहिली. पाराच्या कडेला दगाजीही होते. त्यांना आशाबाईंनी साक्षीला बसवलं होतं. माळ आता त्यांच्या छातीपर्यंत आली होती.

आशाबाईंनी पदर खोचला.

"मी एकदाच सांगते. ह्या गोळ्या मी वांगाले घेतल्या. दिवसाले एक. एकापेक्षा जास्त घेतली असंन तर ह्या मारुतीनं मले पाहून घ्यावं. पिणारा माणूस एकावर थांबत नाही, तुम्हाले माहीत हाय, तुमच्या घरी हायेत. डबीत साठ होत्या. आज बरोबर वीस दिवस झाले. चाळीस उरल्या पाहिजेत. आक्का, तुमच्या हातानं मोजा!"

आणि त्यांनी डबी पाराच्या फरशीवर पालथी केली.

सरुबाई खाली बसल्या. त्या हरभऱ्याचे दाणे निवडावेत तशा एकेक गोळी बाजूला सारू लागल्या. बायका पुढे वाकल्या. अमृता ओठातल्या ओठात मोजत होती. पंधरापर्यंत आल्यावर सरुबाईंचा हात मंदावला, कारण पुढे फारसं काही दिसत नव्हतं.

"सतरा," सरुबाई म्हणाल्या.

"परत मोजा."

"सतराच हायेत, आजी," अमृता म्हणाली. "तेवीस कमी."

आशाबाई त्या सतरा गोळ्यांकडे पाहत राहिल्या. चोर घरात येऊन गोळ्या नेत नाही. घरात माणसं दोनच. आणि मग त्यांच्या कानात निशाचा आवाज आला, अगदी स्पष्ट. लघवी एकदम पिवळी होईल, हळदीसारखी. घाबरू नको.

त्यांना सांगणारं कुणी होतं म्हणून त्या घाबरल्या नव्हत्या. ज्याला सांगणारं कुणी नव्हतं, तो घाबरला होता. डोळ्यांत नाही, दुसरीकडं हाय.

आशाबाई सावकाश वळल्या. दगाजी पाराच्या कडेवरून एक पाय खाली सोडून बसले होते, दुसरा सोडायच्या बेतात.

"बसा तिथंच."

दगाजी बसले.

"ही माळ कायच्या पाई घातली?"

"कावीळ..."

"कुठं दिसली तुम्हाले कावीळ? सांगा की सगळ्यांना. कुठं पिवळं झालं?"

दगाजींनी चाळीस बायकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझ्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या. दोन-दोन खाल्ल्या. त्याच्याशिवाय इतकं पिवळं नाही होत. अन् तुमचं तोंड तर साफ हाय, वांग नाही, काही नाही. मंग काबर खाल्ल्या?"

दगाजी काही तरी पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"लिव्हरले," दगाजी म्हणाले. "मंडीतून येताना... कधी कधी... शनिवारी फक्त."

"वीस दिवसांत तीन शनिवार आले," अमृता म्हणाली. ती पहिल्या नंबरची मुलगी होती, तिचा तरी काय दोष!

आणि आता आशाबाईंना सगळंच आठवायला लागलं. केळीच्या मंडीहून परतताना आणलेली मावा जिलेबी. नवरा किती माया करतो म्हणून त्यांनी बायकांत मिरवलेली ती जिलेबी, आठवड्यातून चार-चार वेळा. घरात पाऊल टाकल्या टाकल्या कांदा फोडून खाणं. दोन वर्षं त्या ठेक्यापुढे घोषणा देत होत्या आणि दोन वर्षं नवरा मागच्या दारानं आत बसून बायकोच्या घोषणा ऐकत असणार!

खरं तर त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही पूर्वीचा नाही. पूर्वीचा राग आपण खरे असून कुणी मानत नाही याचा होता. हा नवा होता, चांगला पोसलेला, आणि त्याला समोर बसायला माणूस होता.

सरुबाईंनी सतरा गोळ्या डबीत भरल्या, झाकण लावलं आणि डबी आशाबाईंच्या हातात दिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"टेम्पो किती वाजता हाय उद्या?"

मागून म्हातारीचा आवाज आला, "माझा अंगठा राहू दे गं त्या कागदावर."

मंगळवारी टेम्पोत बेचाळीस बायका आणि एक पुरुष होता. पुरुषाला मध्ये बसवलं होतं. अर्ज नव्यानं लिहिला होता, आणि सगळ्यात वर, अर्जदार क्रमांक एक म्हणून, दगाजी सखाराम महाजन यांची सही होती. अमृताच्या अंगावर शाळेचा गणवेश होता.

जनसुनवाईच्या हॉलमध्ये साहेबांनी अर्ज चाळला. "दुकान हटाने के आवेदन तो रोज आते हैं. इस दुकान से किसको, क्या परेशानी है? जिसको है वो बोले."

आशाबाईंनी नवऱ्याच्या पाठीला बोट लावलं. दगाजी पुढे सरकले. त्यांनी बायकांकडे पाहिलं, गणवेशातल्या अमृताकडे पाहिलं, आणि इतके दिवस आत कोंडलेलं सगळं त्यांच्या तोंडून एकदम बाहेर आलं. तेही चिडूनच.

"साहेब, मले हाय परेशानी! मंडीतून घरी यायले एकच रस्ता हाय, अन् त्या रस्त्यावर हे दुकान. मी काय उडून येऊ? सकाळी जाताना ठरवतो, आज नाही. वळणावर आलो की लाईट दिसते, दोस्त दिसते, आवाज येते. तेच वळण ह्या पोरीच्या शाळेचं हाय. हिनं शाळा सोडली, साहेब. त्या दिवशी तर मी सकाळीच आत बसलो होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं अन् उठलो नाही. घरी बायको मले देव समजते. दुकान तिथून हटवा, नाहीतर मले हटवा!"

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा त्या दिवशी आत बसून पाहत होता, हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. घरी गेल्यावर नवऱ्याचं काय करायचं ते त्यांनी तिथंच ठरवून टाकलं, आणि त्यात मारणं नव्हतं, एवढंच इथं सांगता येईल.

साहेबांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि आबकारीवाल्या अधिकाऱ्याला समोर बोलावून तारीख विचारली. पुढे तीन आठवड्यांत ठेका वळणावरून उठला आणि अमृता पुन्हा शाळेत जाऊन पुढच्या वर्षी दहावीला बसली. दगाजींची माळ मात्र बेंबीपर्यंत कधी पोचलीच नाही, कारण आशाबाईंनी ती टेम्पोतच तोडून टाकली.

पण त्या मंगळवारची एक गोष्ट राहिली. अर्जाची पावती घ्यायला आशाबाई बाहेरच्या टेबलाशी गेल्या. तिथल्या बाबूनं शिक्का मारला, पावती फाडली आणि दिली नाही. इकडेतिकडे पाहून तो पुढे वाकला. रांगेत बायकांचं गोळ्यांवरून चाललेलं बोलणं त्याला ऐकू गेलेलं दिसत होतं.

"बाई, वो जो गोली है... नाम क्या है उसका?"

आशाबाईंनी त्याला खालून वर पाहिलं. डोळे जरा तांबूस होते. शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी होती.

"कायच्या पाई पाहिजे?"

बाबूनं लगबगीनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. तिथं खरंच एक डाग होता, लहानसा, चहाच्या रंगाचा.

"स्किन के लिए, बाई! कसम से, सिर्फ स्किन के लिए!"

आशाबाईंनी त्याच्या हातातून पावती ओढून घेतली. सरुबाईंनी दारात उभं राहून जसं पाहिलं होतं अगदी तसंच त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या,

"हो का? मंग त्याच्यावर लिव्हर काबर लिहिलं?"